मृच्छकटिकातील वेश, अलंकार आणि साक्ष

शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' या दहा अंकी प्रकरणाची चर्चा बहुधा दोन अंगांनी होते. एक, चारुदत्त आणि वसंतसेना यांच्या प्रणयाचे अंग. दुसरे, पालकाच्या राज्यातील उलथापालथीचे. मराठी रसिकांस हे नाटक मुख्यतः गोविंद बल्लाळ देवलांच्या संगीत रूपांतरामुळे परिचित असल्याने पहिल्या अंगाकडे आपल्याकडे अधिक लक्ष गेले आहे. या दोहोंच्या मुळाशी असलेला एक तिसरा प्रश्न मात्र दुर्लक्षित राहिला आहे. ज्या व्यक्तीवर बळाचा प्रयोग होतो, तिच्या अंगावरील वस्त्र आणि अलंकार यांचा त्या बळाशी नेमका कोणता संबंध असतो? वेश हे अत्याचाराचे कारण होय, ती केवळ ओळखीची खूण होय, की न्यायासनापुढे मांडावयाची ती साक्ष होय? मृच्छकटिकात हे तीनही पक्ष क्रमाने मांडले गेले आहेत. त्यांची गल्लत झाली म्हणजे निरपराध मनुष्य वधस्तंभापर्यंत कसा पोचतो, हे त्या नाटकाचे कथानकच दाखवून देते. प्रस्तुत विवेचनात त्या तीन पक्षांचा वेगवेगळा परामर्श घेतला आहे.

१. कारण म्हणून वेश

पहिल्या अंकाचे नावच 'अलंकारन्यास' असे आहे. काळोख दाटलेल्या राजमार्गावर राजाचा शालक शकार, विट आणि चेट हे तिघे वसंतसेनेचा पाठलाग करीत असतात. आपले परिजन जवळ नाहीत हे ध्यानात आल्यावर ती प्रथम विटालाच विचारते, की एका असहाय स्त्रीच्या अंगावरील दागिन्यांसाठी हा खटाटोप चालला आहे काय? विट ती शंका तत्काळ झिडकारतो. उद्यानातील वेलीची फुले तोडावयाची नसतात, अलंकारांशी आम्हाला कर्तव्य नाही, अशा आशयाचे उत्तर तो देतो. म्हणजे अलंकार हे या पाठलागाचे कारण नव्हे, हे पाठलाग करणाऱ्यांच्याच तोंडून नाटकाच्या आरंभी वदविले गेले आहे. मागणी आहे ती तिच्या देहाची. त्या मागणीचे समर्थन विट तिच्या अलंकारांवरून करीत नाही. तो ते तिच्या गणिकापणावरून करतो. वाटेवरची वेल, सर्वांसाठी असलेली विहीर आणि सर्वांना पार नेणारी नौका, या त्याच्या उपमांचा अर्थ एवढाच, की जी सर्वांची आहे तिला नकाराचा अधिकार नाही. गुण हे अनुरागाचे कारण होय, बलात्कार नव्हे, हे वसंतसेनेचे प्रत्युत्तर या युक्तिवादाचा पायाच उखडून टाकते.

याच अंकाच्या अखेरीस ती चारुदत्ताच्या घरी आपले अलंकार ठेव म्हणून ठेवते आणि त्यासाठी कारण देते, की या अलंकारांपायी हे पापी लोक माझ्या मागे लागले आहेत. नाटक सावधपणे वाचणाऱ्यास येथे थांबावेच लागते. काही क्षणांपूर्वी जे उत्तर तिने स्वतः ऐकले आहे, त्याच्या हे सर्वस्वी विरुद्ध आहे. आपण सांगतो ते कारण खरे नाही हे ती जाणते. चारुदत्ताकडे पुन्हा येण्यास निमित्त असावे, एवढाच तिचा हेतू आहे. तथापि तिने हेच निमित्त निवडावे, यात शूद्रकाचे समाजनिरीक्षण प्रकट होते. वेशामुळे संकट ओढवले, हे स्पष्टीकरण कोणत्याही सभ्य गृहस्थाला ताबडतोब पटते. ते ऐकून कोणी प्रतिप्रश्न करीत नाही, पाठलाग करणारे कोण होते याची कोणी चौकशी करीत नाही, आणि सांगणाऱ्या स्त्रीवरही काही बालंट येत नाही. हे लटके कारण समाजमान्य असल्यामुळेच ते तिच्या उपयोगी पडते.

या ठिकाणी महाभारताच्या विराटपर्वाशी तुलना उद्बोधक ठरते. अज्ञातवासात द्रौपदी सैरंध्रीच्या रूपाने विराटनगरीत प्रवेश करते, तेव्हा तिने एकच मोठे, काळे आणि अत्यंत मळलेले वस्त्र परिधान केलेले असते. केस लपविलेले, अलंकार नाहीत, वेश दासीचा. वेशाने संरक्षण होत असते, तर ते या वेशाने पूर्णपणे व्हावयास हवे होते. प्रत्यक्षात सुदेष्णेस पहिल्या भेटीतच या स्त्रीच्या रूपाची धास्ती वाटते आणि पुढे कीचक तिचा छळ मांडतो. वसंतसेना अलंकारांनी मढलेली आणि सैरंध्री मलिनवस्त्रा. दोघींवरील प्रसंग मात्र एकाच जातीचा. राजाचा शालक, त्याला असलेला सत्तेचा आधार आणि त्याची मागणी नाकारणारी स्त्री, एवढ्या तीन गोष्टी दोन्हीकडे समान आहेत. जी गोष्ट दोन्हीकडे भिन्न आहे ती परिणामाचे कारण असू शकत नाही, हा तर्कशास्त्राचा साधा नियम येथे लागू करावयास हरकत नाही.

२. खूण म्हणून वेश

मग वेशाचा सुरक्षिततेशी काहीच संबंध नाही, असे म्हणावयाचे काय? तसे म्हणणे नाटकाला धरून होणार नाही. वसंतसेनेची खरी सुटका वेशात केलेल्या बदलानेच होते. विट हा शकाराच्या पदरी असला तरी त्याचे मन तिच्याकडे झुकलेले आहे. काळोखात तू दिसत नाहीस, पण माळेचा गंध आणि नूपुरांचा नाद तुझा ठाव सांगतील, असे तो आडून सुचवितो. ती सूचना उमजून वसंतसेना माळा आणि नूपुरे उतरविते, भिंत चाचपडीत चारुदत्ताच्या घराच्या बाजूच्या दारापाशी येते आणि दार उघडताच पदराच्या वाऱ्याने दिवा मालवून आत शिरते. गंध, नाद आणि प्रकाश या तीन खुणा तिने एकामागून एक पुसून टाकल्या आहेत.

येथे कारण आणि खूण यांतील भेद स्पष्ट करणे अवश्य आहे. माळेच्या गंधामुळे शकार तिच्या मागे लागलेला नाही. मागे लागल्यावर तिला शोधण्यास तो गंध त्याच्या उपयोगी पडतो. संकटात सापडलेल्या व्यक्तीने पैंजण उतरविणे हे चातुर्य होय. तथापि जिने ते उतरविले नाहीत तिच्यावर दोष येतो, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. सावधपणा हा स्वसंरक्षणाचा एक उपाय आहे; तो हक्काची पूर्वअट नव्हे. व्यवहारात ही सीमारेषा नेहमी पुसली जाते आणि हितचिंतकाचा सल्ला पुढे फिर्यादीविरुद्धचा मुद्दा बनतो. नाटकातील विटच याचे उदाहरण होय. सुटकेचा मार्ग सुचविणारा तो, आणि गणिकेला नकाराचा अधिकार नाही असे सांगणाराही तोच.

वसंतसेनेने खुणा पुसल्या, पण शकाराचा हात थांबला नाही. तो दुसरीकडे पडला. बळी देण्यासाठी मैत्रेयाबरोबर बाहेर पडलेली चारुदत्ताची दासी रदनिका काळोखात त्याच्या हाती सापडते आणि तो तिचे केस धरून तिला ओढतो. रदनिकेच्या अंगावर अलंकार नाहीत, तिने कोणाचे लक्ष वेधलेले नाही, ती घरचे धर्मकृत्य करावयास निघाली आहे. वेश हेच कारण मानणाऱ्या उपपत्तीला याहून मोठे प्रत्युत्तर कोणते असू शकेल? शूद्रकाने हा प्रसंग विनोदाच्या अंगाने रंगविला आहे. शकार गंध ऐकतो आणि नाद पाहू म्हणतो, आधी विटाला पकडतो, मग चेटाला पकडतो. या हशात रदनिकेचा प्रसंग प्रेक्षकांच्या नजरेतून निसटतो.

मैत्रेय दिवा घेऊन येतो, काठी उगारतो, आणि विट पायांवर लोळण घेऊन क्षमा मागतो. त्याची सबब लक्षपूर्वक पाहिली पाहिजे. आम्ही आपल्या यौवनाची आपणच स्वामिनी असलेल्या एका स्त्रीच्या शोधात होतो, ती नाहीशी झाली आणि तिच्या भ्रमाने हा प्रमाद घडला, असे तो म्हणतो. याचा फलितार्थ असा, की हात योग्य स्त्रीवर पडला असता तर त्यात प्रमाद नव्हता. मैत्रेयाचा संतापही रदनिकेसाठी नाही. धन्याच्या दारिद्र्यामुळे त्याच्या घराचा असा उपमर्द झाला, हे त्याचे दुःख आहे. म्हणूनच तो रदनिकेला बजावतो, की हा अपमान चारुदत्ताच्या कानावर घालू नकोस. रदनिका ते मान्य करते. पहिल्या अंकात जिच्यावर प्रत्यक्ष हात पडला ती एकच स्त्री, आणि तिचीच फिर्याद अंकाच्या आत दडपली जाते.

३. साक्ष म्हणून वेश

भासाच्या नावावर असलेले 'चारुदत्त' हे नाटक चारच अंकांचे आहे. अलंकारांची ठेव त्यातही आहे, पण त्या अलंकारांचा न्यायसभेतील प्रवास आपल्याला मृच्छकटिकातच पाहावयास मिळतो. त्या प्रवासाचा आरंभ सहाव्या अंकात होतो. चारुदत्ताचा मुलगा रोहसेन मातीच्या गाडीवर रुसला आहे. ही तुझी आई होय, असे रदनिका त्याला सांगते. पण ही आई असेल तर हिच्या अंगावर दागिने कसे, असा त्याचा प्रश्न आहे. दारिद्र्यात वाढलेल्या मुलाच्या दृष्टीने आईची ओळख निरलंकार असण्यातच आहे. वसंतसेना रडत रडत दागिने उतरविते आणि सोन्याची गाडी करण्यासाठी ते मातीच्या गाडीत घालते. तिने आपखुशीने, भीतीवाचून आणि निमित्तावाचून अलंकार उतरविल्याचा हा प्रसंग होय. या वेळी रदनिका तेथे उपस्थित आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

आठव्या अंकात गाड्यांच्या अदलाबदलीमुळे वसंतसेना पुष्पकरंडक उद्यानात शकाराच्या हाती सापडते. तो पाया पडतो, ती त्याला लाथेने झिडकारते. पाया पडणे ही येथे नम्रता नव्हे, मागणीचाच तो एक प्रकार आहे. आणि लाथ हा एका एकाकी स्त्रीच्या हाती उरलेला एकमेव प्रतिकार आहे. शकार मात्र त्या प्रतिकारालाच आगळीक ठरवितो. जे मस्तक देवांपुढेही लवत नाही ते हिने पायाने तुडविले, असा कांगावा करून तो तिच्या वधाला प्रवृत्त होतो. हल्लेखोराने आपल्याला अपकृत म्हणवून घेणे आणि बचावाला चिथावणी हे नाव देणे, या युक्तिवादाचे इतके स्पष्ट चित्र प्राचीन नाट्यवाङ्मयात क्वचितच आढळेल.

वधासाठी तो विटाला शंभर सुतांनी विणलेल्या लांब दशांच्या प्रावारकाचे आमिष दाखवितो, चेटाला सोन्याची कडी देऊ करतो. दोघेही नकार देतात. अखेरीस तो स्वतःच तिचा गळा दाबतो आणि ती मेली असे समजून देह झाकावयास निघतो. प्रथम त्याला आपले प्रावारक आठवते; पण त्यावर आपले नाव आहे, कोणी तरी ते ओळखील, म्हणून तो वाळलेल्या पाचोळ्याने तिला झाकतो. शकार हा मूर्ख म्हणून प्रसिद्ध आहे. रामायण आणि महाभारत यांतील पात्रांची तो नेहमी भेसळ करतो. तथापि वस्त्र पुरावा ठरू शकते, हे त्याला पक्के ठाऊक आहे. त्याचे अज्ञान विद्येपुरते आहे. अपराधाच्या बाबतीत तो पूर्ण सावध आहे.

नवव्या अंकात तो स्वतःच फिर्यादी म्हणून न्यायसभेत उभा राहतो. वध द्रव्यासाठी झाला हे तुला कसे कळले, या अधिकरणिकाच्या प्रश्नाला त्याचे उत्तर असे, की गळा रिकामा होता आणि अलंकारांच्या जागी सोने नव्हते. मातेच्या भावनेने उतरविलेल्या अलंकारांचा अभाव अशा रीतीने चोरीचे प्रमाण बनतो. नंतर मैत्रेयाच्या काखेतून तेच अलंकार सभेत गळून पडतात आणि अनुमानाला प्रत्यक्षाचा आधार मिळाल्यासारखा दिसतो. येथे शूद्रकाचा अभिप्राय सूक्ष्म आहे. अलंकार खोटे नाहीत, ते वसंतसेनेचेच आहेत आणि ते चारुदत्ताच्या मित्राकडेच सापडले. वस्तू खरी आहे, तिचा अर्थ मात्र खोटा आहे. वस्तू स्वतः बोलत नाही. ती कोणाच्या तोंडून बोलते यावर तिचा अर्थ ठरतो.

सभेत कोणाचे बोलणे ग्राह्य धरले जाते? वसंतसेनेची वृद्ध माता अलंकार ओळखण्याचे टाळते आणि पुढे स्पष्ट म्हणते, की फिर्यादी मी आहे, मुलगी माझी गेली, तेव्हा यांना सोडा. तिचे म्हणणे कोणी जमेस धरीत नाही. दहाव्या अंकात चेट बंधनातून निसटून खरी हकीकत सांगतो; शकार त्याच्या हाती कडे सरकवितो आणि त्याच कड्याच्या आधारे त्याला चोर ठरवितो. दास्य असे आहे की सत्य सांगूनही कोणाला पटत नाही, हा चेटाचा विषाद म्हणजे या सबंध न्यायप्रकरणावरील भाष्य होय. आणि ज्या व्यक्तीने अलंकार मातीच्या गाडीत पडताना प्रत्यक्ष पाहिले, त्या रदनिकेला कोणी बोलावीतच नाही. चारुदत्तही तिचे नाव घेत नाही. राजाची दृष्टी दुर्बळ आहे, ती सत्य पाहत नाही, असे म्हणून तो गप्प बसतो. पहिल्या अंकात जिला गप्प बसविले, तिची साक्ष नवव्या अंकात हवी असते, आणि तेव्हा ती कोणाला आठवत नाही. तिच्या मौनाची किंमत अखेर तिच्या धन्याला मोजावी लागते. नाटकाच्या रचनेत हे दुवे शूद्रकाने हेतुपुरस्सर जोडले आहेत की नाहीत, याविषयी मतभेद होऊ शकेल. मात्र संहितेत हे दुवे आहेत, आणि ते एकमेकांना पूरक आहेत, हे नाकारता येणार नाही.

ब्राह्मण म्हणून चारुदत्ताला हद्दपार करावे, अशी अधिकरणिकाची शिफारस असते. राजा पालक मात्र तेच अलंकार गळ्यात बांधून त्याला सुळावर देण्याची आज्ञा करतो. ज्या अलंकारांना पहिल्या अंकात संकटाचे कारण म्हटले गेले, त्यांचीच शेवटी वध्यमाला होते.

४. वस्त्राची दुसरी बाजू

शूद्रकाने वस्त्राची केवळ ही काळी बाजूच दाखविली असती तर नाटक एकांगी झाले असते. ज्या संवाहकाला वसंतसेनेने एके काळी ऋणमुक्त केले, तो आता भिक्षू झाला आहे. याच उद्यानात चीवर धुतल्याबद्दल त्याने शकाराचा मार खाल्ला आहे. ओले चीवर वाळत घालण्यासाठी तो जागा शोधतो. फांदीवर घालावे तर माकडे फाडतील, भुईवर घालावे तर धूळ लागेल, म्हणून तो ते पाचोळ्याच्या ढिगावर पसरतो आणि त्यातून एक हात बाहेर येतो. तेच चीवर पिळून तो वसंतसेनेवर पाणी शिंपतो आणि त्याच्याच टोकाने तिला वारा घालतो. नामांकित प्रावारक जेथे खुन्याने मागे घेतले, तेथे निर्नाम भिक्षूचे चीवर कामी आले.

अखेरच्या अंकात वधाचे रक्तवस्त्र आणि करवीराची माळ ही वसंतसेनेच्या आगमनाबरोबर वराचा वेश वाटू लागतात. वस्त्र तेच, माळ तीच. बदलली ती केवळ पाहण्याची दृष्टी. शेवटी नव्या राजाच्या आज्ञेने वसंतसेनेला वधूपद मिळते आणि तिला अवगुंठन घालण्यात येते. बहुतेक वाचक या अवगुंठनाकडे गौरव म्हणून पाहतात आणि नाटकाच्या काळाच्या संदर्भात ते योग्यही आहे. पण येथे एक शंका उरतेच. पहिल्या अंकात तिने बळाला दिलेला नकार अवगुंठनावाचूनही तितकाच न्याय्य होता. आता कोणी शकार तिच्याकडे हात करणार नाही, तो तिच्या नकारामुळे नव्हे, तर ती कोणाची तरी झाली म्हणून. रदनिकेला तर कोणतेच अवगुंठन मिळत नाही.

५. शास्त्र, विधी आणि नाटक

प्राचीन शास्त्रकारांचा दृष्टिकोन या बाबतीत नाटकातील विटापेक्षा अधिक स्वच्छ होता, ही लक्षणीय गोष्ट आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात आत्मरक्षणासाठी, तसेच स्त्रिया आणि ब्राह्मण यांच्या रक्षणासाठी शस्त्र चालविणारा दोषी होत नाही असे म्हटले आहे. त्या ठिकाणी वेशाची अट घातलेली नाही. कौटिलीय अर्थशास्त्रात गणिकाध्यक्षाच्या प्रकरणात अनिच्छुक गणिकेस कोंडून ठेवणाऱ्यास १००० पणांचा दंड सांगितला आहे. म्हणजे गणिकेची अनिच्छा ही दंडनीतीला मान्य होती. ती मान्य नव्हती विटाच्या काव्यात्म उपमांना.

अर्वाचीन काळात याच वादाने विधिमंडळ आणि न्यायालये यांत पुन्हा डोके वर काढले. चंद्रपूर जिल्ह्यात १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये अंगावर जखमा नसल्याचा मुद्दा महत्त्वाचा मानून आरोपींना निर्दोष ठरविले. रिकाम्या गळ्यावरून चोरीचे अनुमान आणि जखमांच्या अभावावरून संमतीचे अनुमान, या दोहोंचा तार्किक सांगाडा एकच आहे. त्या निर्णयाविरुद्ध उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार यांनी १९७९ मध्ये अनावृत पत्र लिहिले आणि १९८३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. फिर्यादी स्त्रीचे चारित्र्य सामान्यतः अनैतिक होते असे दाखवून तिची विश्वसनीयता खोडण्याची मुभा १८७२ च्या पुरावा कायद्यात होती. ती २००२ च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आली. जामिनाच्या आदेशात स्त्रीचा वेश, वर्तन किंवा पूर्वायुष्य यांची चर्चा असू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १८ मार्च २०२१ रोजी बजावले. तरीही २०२२ मध्ये केरळातील एका सत्र न्यायालयाने जामीन देताना फिर्यादीचा वेश उत्तेजक असल्याचा उल्लेख केला, आणि तो शेरा उच्च न्यायालयाला वगळावा लागला. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३८ व्या कलमात, पूर्वीच्या दंड संहितेच्या १०० व्या कलमाप्रमाणेच, बलात्काराच्या उद्देशाने होणाऱ्या हल्ल्यापासून बचाव करताना हल्लेखोराचा प्राण घेण्यापर्यंत खाजगी संरक्षणाचा हक्क मान्य केला आहे. त्या कलमातही बचाव करणाऱ्या व्यक्तीच्या वेशाचा उल्लेख नाही.

याचा अर्थ न्यायालयात वस्त्राला स्थान नाही असा नव्हे. फाटलेली बाही, तुटलेले बटण, कापडावरील डाग, यांना पुराव्याच्या दृष्टीने मोल आहेच. पण ते मोल काय घडले हे सांगण्यापुरते असते. कोण कोणत्या योग्यतेची होती, हे वस्त्रावरून ठरवू लागताच न्यायासन विटाच्या भूमिकेत उतरते. शकाराच्या प्रावारकावरील नाव हा पुरावा होता; वसंतसेनेचा रिकामा गळा हा पुरावा नव्हता. उज्जयिनीच्या न्यायसभेला हा भेद करता आला नाही, कारण तिने वस्तू तपासल्या आणि माणसांना विचारले नाही.

मृच्छकटिकातील न्यायप्रकरणाचे महत्त्व प्राचीन व्यवहारपद्धतीचे चित्र म्हणून अभ्यासकांनी मान्य केलेच आहे. त्याबरोबरच पहिल्या आणि सहाव्या अंकांतील रदनिकेची भूमिका एकत्र वाचली, तर त्या प्रकरणाचा आरंभ न्यायसभेच्या दारात न होता चारुदत्ताच्या बाजूच्या दारात होतो, असे दिसून येते. तेथे एका दासीला सांगण्यात आले, की हे कोणाला सांगू नकोस. पुढील सर्व अनर्थाला तेथूनच वाट मिळाली.